दहा वर्षं धुतलेली चादर

अण्णा कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवायचे, मान तिरकी करून थांबायचे आणि निकाल द्यायचे, "घुमतंय की." माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत केलं तसंच ते त्यांनी मुलीसाठी स्थळ बघायला गेल्यावर पाहुण्यांच्या दिवाणखान्यातही केलं. लग्न जमलं, पण जावई अजून त्या टाळीचा विषय काढतात.

घराणं विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. मागावर बसूनच आपला ताल पक्का झाला असं अण्णा सांगत. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या मते माग सारखा बिघडायचा तोही त्यामुळेच. माग विकल्यावर ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवू लागले. नाद मात्र जुन्या अमेरिकी फंक संगीताचा. कॅसेटी झिजेपर्यंत ऐकलेल्या. त्यातला ड्रम कोरडा आणि घट्ट, ठप्प वाजला की संपला. "आवाज पाव्हण्यागत पायजे," ते म्हणायचे. "जेवला, उठला, गेला." स्वतः माझ्याकडे चहाला आले की दोन तास हलत नसत.

पुण्याच्या एका संगीतकाराला नेमका तसाच ड्रम हवा होता. माझ्या नव्या स्टुडिओचं ते पहिलंच बाहेरचं काम. दोनदा रेकॉर्डिंग पाठवलं, दोनदा ड्रम घुमतोय म्हणून परत आलं. तिसऱ्यांदा चुकलं तर काम दुसरीकडे जाणार होतं. वाजवणारे अण्णा, म्हणजे चूक माझीच, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मग मी डोकं चालवून दुकानातून कोऱ्या चादरी आणल्या, भिंतींवर टांगल्या आणि एक मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबली. ड्रम उशीवर बुक्की मारल्यासारखा वाजू लागला.

अण्णांनी चादर बोटांत चुरगाळून पाहिली. "हिच्यात कांजी हाय अजून. धा वर्सं धुतल्याबिगर चादर आवाज पीत न्हाय."

ते घरी जाऊन पलंगावरचीच चादर ओढून घेऊन आले. मागोमाग काकू आल्या, तणतणत. घरच्या मागावर विणलेली ती शेवटची चादर होती, विटलेली, मऊ. अण्णांनी तिची घडी ड्रमच्या पोटात जेमतेम टेकेल अशी ठेवली, लहान ड्रमवर खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि वाजवलं. ठप्प. पुढे काही नाही. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. काकूंनी तिथेच चादर परत मागितली. उद्या देतो, म्हणाले अण्णा. तो उद्या पाच वर्षं चालला. पुण्याचं काम पास झालं, त्या आवाजासाठी माणसं लांबून येऊ लागली, आणि शाबासकी निमूटपणे मी घेत राहिलो.

गेल्या वर्षी एका दुपारी अण्णा जेवले, उठले आणि हात धुतानाच गेले. आयुष्यभर कुणाकडून लवकर न उठलेल्या माणसाने आपला नियम नेमका तेव्हा पाळला, याचा मला अजून राग आहे.

तेराव्यानंतर चादर परत द्यायला गेलो. तिच्यावाचून माझा ड्रम पुन्हा घुमणार, हे मला ठाऊक होतं आणि काकूंनाही. त्यांनी ती घेतली, मांडीवर ठेवली. मग ज्या टाळीपायी त्यांनी नवऱ्याला जन्मभर बोल लावले, तशीच एक टाळी वाजवली आणि मान तिरकी केली.

"लई घुमतंय हो घर," त्या म्हणाल्या. "हितंच राहू दे ही."

स्टुडिओतली एक कोरी चादर तेव्हापासून मी दर रविवारी धुतोय. अजून नऊ वर्षं आहेत.