एस्तेरमावशी आणि कुलपातलं पाणी

माझ्या शाळेच्या कामासाठी वाईला गेले होते. गावाकडं परतायला स्टँडवर बसची वाट बघत उभी होते, तेव्हा मोबाइलवर आमच्या चर्चच्या ग्रुपचा निरोप आला. ‘मंडळीच्या विश्वासू भगिनी एस्तेरबाई प्रभूमध्ये निजल्या.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. माझी सख्खी मावशी गेली होती, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. ‘विश्वासू’ हा शब्द लिहिणाऱ्या पंच कमिटीच्या अध्यक्षांनीच तिला आठ महिने चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊ दिला नव्हता.

माणदेशातल्या आमच्या गावात मावशीनं आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. लग्न केलं नाही. रविवारी चर्चमध्ये मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, त्याही शाळेतल्यासारख्याच... गोष्ट संपली की विचारायची, “कळलं न्हवं? मग आता करणार काय?” उत्तर मिळेपर्यंत पुढची गोष्ट नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावाला टँकर चालू होते, पण चर्चच्या आवारातल्या बोअरला पाणी होतं. शेजारच्या माळावर मेंढरं घेऊन धनगरांची चार घरं उतरली. त्यांच्या बायका हंडे घेऊन गेटवर यायला लागल्या, तसं कमिटीनं गेटाला कुलूप लावलं. नव्या हॉलसमोरची हिरवळ जगवायची होती! त्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला तो शास्त्रातल्या, रानात देवाशी भांडलेल्या, मन कठीण केलेल्या आणि म्हणून देवानं कबूल केलेल्या देशात न पोचलेल्या लोकांवर. आजचा अविश्वास म्हणजे पोरांचे मोबाइल, जत्रेतला नारळ, चोरून केलेले नवस, असं ते सांगत होते आणि आम्ही माना डोलवत होतो. उपासना संपता संपता मावशी उठून उभी राहिली.

“पाळकसाहेब, त्या लोकांचं भांडण कशावरनं झालं वो?”

“पाण्यावरून,” ते म्हणाले.

“देव पाणी देईल असं त्यास्नी वाटंना. आपल्यालाबी वाटंना, म्हणून तर कुलूप लावलंय. मग ह्यो उपदेश तुमी कुणाला केला?”

मावशी तशीच बाहेर पडली. महिला मंडळाची प्रमुख म्हणून गेटाची एक किल्ली तिच्याकडे असायची. तिनं जाऊन गेट उघडलं, पाइप ओढला आणि हंडे भरायला सुरुवात केली. एक म्हातारी घाबरून म्हणाली, “बाई, तुमास्नी कुणी बोलंल.” “बोलू द्या. तुमी भरा,” मावशी म्हणाली.

बोललेच. कमिटी बसली. किल्ली काढून घेतली, आणि माफी मागेपर्यंत प्रभुभोजन बंद. “तान लागलेल्याला पाणी दिल्याची माफी?” एवढंच तिनं विचारलं आणि घरी गेली. त्या ठरावाला सात हात वर झाले. मीही त्या कमिटीवर होते; त्यातला एक हात माझा होता. सगळ्यांशी वाकडं कशाला घ्या, हा माझा हिशेब. त्यानंतर भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढं जायचं. ती हात मांडीवर ठेवून जागच्या जागी बसायची. मी खाली बघायचे.

तिच्या घरी जाऊन ‘चुकलं’ म्हणायचं मी कितीदा ठरवलं. मी शिकवते त्या शाळेचं वर्ष सुरू झालं की, मग दिवाळीची सुट्टी लागली की, मग नाताळ झाला की... शास्त्र सांगतं, देवाचा शब्द ऐकलात तर आजच माना. हे मला पाठ होतं. तिनंच पाठ करून घेतलं होतं. नाताळ झाला आणि ती गेली.

अंत्यविधीला तिच्या विश्वासाचं कौतुक करायला तेच सगळे होते. महिन्याभरानं कमिटीत तिच्या नावाच्या संगमरवरी पाटीचा विषय निघाला. मी म्हणाले, “आधी इतिवृत्तात लिहा, की आपण देवाची आज्ञा मोडली.”

अध्यक्ष समजूत काढत म्हणाले, “ताई, आता कशाला वाद? त्या देवाच्या विसाव्यात गेल्या.”

“त्या गेल्या. आपलं काय?”

पाटी मंजूर झाली. इतिवृत्तात माझं वाक्य नाही. मी राजीनामा टेबलावर ठेवून तडक मावशीच्या घरी गेले. खोलीत तिची लोखंडी खाट, आणि खाटेला लागून आल्यागेल्यासाठी कायम मांडून ठेवलेली खुर्ची. त्या खुर्चीत बसून मी मोठ्यानं म्हणाले, “मावशी, माझं चुकलं.” माझाच आवाज ऐकून मला माझी चीड आली. आठ महिने ती इथंच होती, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर... आणि दार दिवसभर उघडंच असायचं.