एकोणीसचा आकडा

…आणि तो एकोणीसचा आकडा कोरला होता नास्तासेनेच, हे काल सांगायचं राहूनच गेलं. आमच्या नीस्त्रु नदीकाठी नवरा-बायकोपैकी एक गेलं की दगड दोघांचा मिळून करतात. मागे राहिलेल्याचं नाव, जन्मसाल आणि मरणसालाचे पहिले दोन आकडे आधीच कोरून ठेवायचे. उरलेले दोन मग सवडीने. सावेता गेली तेव्हा नास्तासे पाथरवट म्हणून नवा नवा होता. तिच्या नवऱ्याच्या, विहिरी खणणाऱ्या मोश इरिमियाच्या, म्हणजे इरिमियाआजोबांच्या, नावाखाली त्याने झोकात कोरलं: १९१८ – १९. म्हातारा तेव्हा सहासष्टचा, खोकून खोकून बेजार. शतक संपायला अजून सोळा वर्षं होती. एवढं पुढचं कोण बघतंय?

म्हाताऱ्याने ते शतक ओलांडलं आणि वर तीन वर्षं काढली. द्राक्षाच्या बागेत भेटला की लोक म्हणायचे, "मोश इरिमिया, मरण तुम्हाला गेल्या शतकात शोधत फिरतंय हो."

"फिरू दे की. त्याचे कुठे गुडघे दुखतात?"

हसू यायचं नाही ते एकट्या नास्तासेला. सुताराची चूक चुलीत घालता येते. पाथरवटाची गावाच्या डोळ्यांसमोर पडून राहते. ईस्टरनंतरच्या रविवारी अख्खं गाव थडग्यांवर जेवायला जमतं, लाल अंडी, गोड पाव, वाइनचा चंबू घेऊन. त्या दिवशी जो तो त्या आडव्या दगडापाशी थांबून बोटाने आकडा दाखवायचा.

त्या वर्षी म्हाताऱ्याची मुलगी आग्लाया इटलीहून आली ती ठरवूनच. "ताता, माझी लाज जाते. काळा गुळगुळीत दगड आणते. हा काढून टाकू."

म्हाताऱ्याने तोंडातला घास तसाच ठेवला, हे नास्तासेने पाहिलं. का, ते त्याला ठाऊक होतं. तो दगड म्हाताऱ्याच्या शेवटच्या विहिरीतून निघालेला. खाली त्याने फोडला आणि वर सावेताने शेजाऱ्यांना हाताशी घेऊन रहाटाने ओढून काढला. एकदा थडग्यावरून निघाला की कुणाच्या तरी गोठ्याची पायरी होणार.

दुसऱ्या दिवशी नास्तासे छिन्नी घेऊन दारात हजर. "मोश, एकोणीस मी खरवडून काढतो. चूक माझी, दगडाची नाही. पण तिथे खळगा पडेल."

"पडू दे."

"आणि खळग्यात काय कोरू? वीस?"

"वीस नको," आग्लाया ओट्यावरून म्हणाली. "हे तेही शतक संपवतील आणि मला पुन्हा तिकीट काढून यावं लागेल." म्हणाली आणि स्वतःच हसली. तिथेच काळा दगड बारगळला.

कबरस्तानात आकडा निघायला दुपार झाली. म्हातारा शेजारच्या थडग्यावर बसून, शेतात कुणाची नांगरणी चालली आहे ते बघावं तसा बघत होता. स्वतःचं मरण असं खरवडलं जाताना हा माणूस भाकरीला चीज लावून खातो कसा, याचं नास्तासेला कोडं पडलं. इतकी वर्षं शरमेपोटी विचारायचं राहिलं होतं, ते त्याने आता छिन्नी खाली ठेवून विचारलं.

"मोश, खरं सांगा. ही रिकामी जागा बघून तुम्हाला भीती नाही वाटत?"

मोश इरिमियाने मिशीवरचे तुकडे झटकले.

"अरे पोरा, चाळीस विहिरी खणल्या मी. सावेता दोर धरायची आणि मी अंधारात उतरायचो. वर कधी काढशील, असं तिला एकदाही विचारलं नाही. दोर कोणाच्या हातात आहे, तेवढं बघायचो. आता ती खाली आहे, आणि दोर ज्याच्या हातात आहे तो स्वतः तिसऱ्या दिवशी, ईस्टरच्या पहाटे, खालून वर आलेला आहे. मग मी उतरलो कोणत्या साली, हे लिहून कुणाला काय करायचंय? तू खळगा मात्र जरा खोल ठेव. सावेतासाठी ठेवलेलं लाल अंडं दर वर्षी गडगडत खाली जातं."