निळ्यावरच्या लाल काड्या

आमच्या लॅबमध्ये थुंकीच्या डब्यांइतकेच किस्सेही साचतात. डब्यांची विल्हेवाट तरी लावता येते. किस्से डोक्यात सडत राहतात, म्हणून आज ऐकाच!

बेलापूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात आमचा दवाखाना. थुंकी काचेवर पसरायची, रंगवायची, मायक्रोस्कोपखाली धरायची. निळ्यावर बारीक, जराशा वाकड्या लाल काड्या दिसल्या की टीबी. काडीच दिसली पाहिजे!

हे माझ्यासोबतच्या सोनवणेला पटायचं नाही. नुसता रंगाचा लाल ठिपका बघून त्यानं एका मुलीला टीबी ठरवून टाकला. तिची सुपारी फुटली होती, सोयरीक मोडली. मी स्लाइड पाहिली तर एकही काडी नाही! असली भडकले! "लाल ते सगळं टीबी असतं, तर स्टँडवरची एसटीपण टीबीच की रे!"

तो हसला. मला नाही हसू आलं.

*

एकदा तपासणीला आलेले साहेब मायक्रोस्कोपात डोकावले. "अरे वा, किती नाजूक!"

"साहेब, वरून मेणकट कवच असतं. ॲसिडनंसुद्धा रंग सुटत नाही."

"मग छान फोटो काढा, वर पाठवतो."

फोटो लगेच वर गेला. आम्ही मागितलेले मास्क अजून येतायत!

*

मंगल पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली. ताप, खोकला, अंगावरचं पोलकं लोंबायला लागलेलं. डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली, तर टोळीचा मुकादम दारातच आडवा.

"म्याडम, फडात खोकला समद्यान्लाच हाय. हिला बसवली तर ऊस कोन तोडनार?"

"आणि ती मेली तर?" मी ओरडलेच. "पाचटाच्या कोपीत लेकरं झोपतात तिच्याशेजारी!"

शेवटी मुकादम टोळीतल्या सगळ्यांसाठी थुंकीच्या डब्या घेऊन गेला, पण तोंड वाकडं करूनच.

*

मंगलच्या नावाची डबी आली. काड्या शोधून शोधून डोळे दुखले, एकही सापडली नाही. मला काही पटेना. तिला आणि तिच्या नवऱ्याला, रंगनाथला, बोलावून घेतलं. डबीत काही निघालं नाही हे ऐकून तो खुशीत होता. ती मागं तोंडाला पदर लावून खोकत होती.

"थुंकी हिचीच होती ना?"

"न्हाई, माजी. ही मोळ्या बांधत हुती." वर मलाच समजावायला लागला, "म्याडम, तोडीत नवरा-बायकू मिळून एकच कोयता धरत्यात. एका कोयत्याला एक कोपी, एक डबी. मुकादमानंच तशा वाटल्या. आन रिपोर्ट तर चांगला आलाय की! मंग हिला फडात नेऊ ना?"