काळी वायर खाचेच्या अंगाला

ती घटना आठवायची म्हटली की मला आधी आमच्या भिंतीवरचं घड्याळ आठवतं, मग ती जळकी गाडी. क्रम उलटा वाटेल, पण माझ्यापुरता तोच खरा आहे.

सकाळी घड्याळ बंद पडलेलं होतं. बायकोनं खालून स्टूल धरलं, मी वर चढून सेल बदलला.

"अवो, सेल उलटा घातलासा."

"तू खालनं बघून मला शिकवतीस व्हय?"

"काटा हलत न्हाई की."

"हलंल. नवा सेल हाय, जरा दम खाईल."

"सेल कुठं दम खातो? डबा तरी घेऊन जावा, न्हायतर त्योबी इसरशिला."

डबा घेतला, टोपी घातली आणि ठाण्याला गेलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून सुटलो. लिहायची सवय स्टेशन डायरीपुरती, तेव्हा लिहिणं तसंच होईल. नाव कुणाचं घेणार नाही, कारण माणसं अजून इथंच राहतात.

त्या वेळी माझ्याकडं एका जळिताचा तपास होता. मंगळवार पेठेत दुकानांना पाव पोचवणारा एक माणूस. त्याची बॅटरीवरची तीनचाकी दारात चार्जिंगला लावलेली होती, ती भर दुपारी पेटली. घरात त्याचा म्हातारा बाप एकटाच. गाडी दारातच आडवी. ती ढकलून रस्त्यावर काढताना म्हाताऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पाववाल्यानं जबाब दिला तो असा : आठ दिवसांपूर्वी उचगावच्या मिस्त्रीनं बॅटरीतला बोर्ड बदलला आणि जुना स्वतःकडं ठेवून घेतला. "काय चुकवलं ते त्यालाच माहीत. मला त्यातलं काही कळत नाही, बॅटरीची पेटी मी जन्मात उघडलेली नाही," असं त्यानं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. खबर देणारा चहाच्या गाड्यावरचा, माझा जुना माणूस.

"साहेब, मिस्त्रीनं त्येला चारचौघांत सांगितलंतं, ही गाडी पेटनार म्हणून. ह्या कानानं ऐकलंय."

गाडी पेटणार असं आधी सांगणारा माणूस एकतर ज्योतिषी असतो, नाहीतर पेटवणारा. ज्योतिषी मी कधी मानले नाहीत.

मिस्त्रीला बोलावलं. साठीचा मुसलमान माणूस. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग पाण्याच्या मोटारी, आता बॅटऱ्या. येताना पिशवीत मीटर आणि बॅटरीच्या वायरींचा एक प्लग घेऊन आला. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. खरा माणूस रिकाम्या हातानं येतो. पुरावा घेऊन येणारा घरनं तयारी करून आलेला असतो, असा माझा अनुभव. पिशवी जप्त केली, मुद्देमालात नोंद केली.

"भांडण कशावरनं झालंतं?"

"भांडण न्हवं साहेब. त्याचा बोर्ड गेलता. दुसरा त्यानंच मागवून आणला. मी म्हणलो, प्लग तोच बसतोय, पण वायरांची ओळ उलटी हाय. चार दिवस ठेव, पिना काढून परत लावतो. तर म्हणतोय, पाव काय चार दिवस थांबतोय व्हय? गेला गाडी घेऊन."

"आणि पेटणार म्हणालास ते?"

"तसाच बसवलास तर पेटनार, म्हणलो. पयलं अर्धं कुणी ऐकलंच न्हाई, त्याला मी काय करू?"

फार सरळ उत्तर होतं. सरळ उत्तराचा मला नेहमी संशय यायचा.

मग त्यानं टेबलावरचा पंचनाम्याचा कोरा कागद ओढला आणि त्यावर एक ओळ काढली. "हे बघा. बॅटरीत सेलचं सोळा गट. दर गटावरनं एक बारीक वायर, आणि सुरवातीची काळी धरून सतरा. सतराच्या सतरा ह्या प्लगातनं बोर्डात जात्यात. बोर्ड म्हंजे राखणदार. कुठला गट किती भरला ते ह्या वायरींवरनं बघतोय, भरला की चार्जिंग तोडतोय. माझ्या प्लगाला एका टोकाला खाच हाय, काळी वायर त्या खाचेच्या अंगाला. ह्यानं आणलेल्या बोर्डाला काळी पार दुसऱ्या टोकाला लागती. तसाच ढकलला की राखणदार जागेवर मरतोय. गाडी चालती साहेब, पण राखण कुणाचीच नसती."

"मग कळायचं कसं?"

"मीटरची काळी सुई काळ्या वायरीवर ठेवायची आणि लाल सुई एकेका पिनेवर. सव्वातीन व्होल्ट, साडेसहा, पावणेदहा, तेरा. जिना चढल्यागत आकडा चढला पायजे. पायरी चुकली की हात काढायचा."

"तू मला शिकवतोस व्हय रं?" मी कागद चुरगाळला आणि त्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवला. गाडीतला प्लग वितळून गोळा झाला होता. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार. एकाच्या शब्दासमोर दुसऱ्याचा शब्द, आणि एकाचा बाप दवाखान्यात. निष्काळजीपणाचं कलम लावून मिस्त्रीला आत घ्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशीही त्याला बसवला. घड्याळाचा दिवस तो. चारच्या सुमारास शेजारणीचा फोन आला. निघताना मी बाकड्याकडं बघितलं आणि म्हणालो, "उद्या परत यायचं." पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. छातीत कळ आली म्हणून बायको ओट्याजवळ खाली बसली ती उठली नाही.

तेरा दिवस घरी होतो. माणसं येत होती, जात होती. एक दिवस कुणीतरी किती वाजले विचारलं आणि मी वर बघितलं. घड्याळ चालू होतं. सगळे गेल्यावर स्टूल घेतलं. धरायला कोणी नव्हतं. घड्याळ उतरवून बघितलं तर सेल फिरवून घातलेला. मी ठाण्याला गेल्यावर ती गुडघेदुखीची बाई एकटी वर चढली होती. आणि सेलच्या घरात, अधिकच्या खुणेशेजारी, कुंकवाचं बोट लावून ठेवलेलं. पुढच्या वेळी मी चुकू नये म्हणून.

'शिकवतीस व्हय' हे माझंच बोलणं मला ऐकू आलं. मग आठवलं, उचगावच्या माणसालाही मी तेच बोललो होतो.

चौदाव्या दिवशी कामावर गेलो, तर मिस्त्री बाकड्यावर.

"हा कधी आला?"

ठाणे अंमलदार म्हणाला, "रोज येतोय साहेब. दहाला येतोय, सहाला जातोय. तुम्ही उद्या ये म्हणालतासा म्हणं. घरला जा म्हणलं तर म्हणतोय, साहेबांनी सोडलेलं न्हाई."

"आणि दुकान?"

"बंदच की."

मिस्त्री उठून उभा राहिला. "साहेब, वहिनींचं कळलं. घरला यावं वाटलंतं. पण संशयितानं यावं का न यावं, काय कळंना."

खरं सांगतो, तेव्हाही माझा संशय गेला नव्हता. फक्त आता तो मिस्त्री आणि पाववाला दोघांत सारखा वाटला गेला होता.

पाववाल्याला बोलावलं. आवाज चढवला नाही. मुद्देमालातला प्लग काढला, मिस्त्री वापरतो त्याच जातीचा एक मोकळा बोर्ड बाजारातनं आणवला आणि दोन्ही त्याच्यासमोर ठेवले.

"हे कसं बसतंय रं? मी तर घड्याळाचा सेलबी उलटा घालणारा माणूस. बायकोनं सांगितलं तर तिच्यावरच खेकसलो. नीट घातलेला बघितला तो ती गेल्यावर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग प्लग उचलला. बोटांनी तो न बघताच फिरवला, अंगठा खाचेवर ठेवला आणि बोर्डात दाबला.

"काळी वायर खाचेच्या अंगाला," तो म्हणाला, आणि त्याचा हात तिथंच थांबला. पेटी जन्मात न उघडलेल्या माणसाचा हात.

"कुणी शिकवलं?"

"मिस्त्रीनंच. मागं एकदा." नवा बोर्ड पाववाल्यानं स्वतःच बसवला होता, आणि चूक अशी केलीच नव्हती. शिकवलेलं तंतोतंत केलं होतं, पण दुसऱ्याच बोर्डावर. मग तो रडायला लागला. "म्हातारा हात गुंडाळून पडलाय साहेब. घास मी भरवतोय. त्येला कुठल्या तोंडानं सांगू, तुझं हात मी जाळलं म्हणून? मिस्त्रीचं नाव घेणं सोपं हुतं."

"जुना बोर्ड?"

"माळ्यावर. पावाच्या क्रेटात."

दोन पंच घेऊन गेलो, बोर्ड जप्त केला. त्याला सांगितलं, आधी बापाला सांग, मग जबाबावर सही कर. वॉर्डात मी दाराशीच उभा राहिलो. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "पेटी उघडायला पान्हा माझ्याच पिशवीतनं न्हेलतास. माझ्या हाताचं मी बघतो. तू आदी त्या मिस्त्रीला सोडवून ये जा."

चौतीस वर्षं मी माणूस खोटं कुठं बोलतोय तेवढंच शोधत राहिलो. समोरचा खरं बोलत असेल तर ते ओळखायचं कसं, हे मला येत नव्हतं. ज्यांनी सांगायला तोंड उघडलं त्यांना मी गप्प केलं. त्यातला एक तेरा दिवस बाकड्यावर बसून राहिला, म्हणून त्याच्यापुरतं तरी मला काही करता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि साध्या कपड्यांत उचगावला गेलो. दुकान अजून उघडायचं होतं. बाहेर गिऱ्हाइकांसाठी एक फळी टाकलेली होती, तिच्यावर बसलो. दहाला मिस्त्री आला आणि मला बघून दचकला.

"साहेब? परत काय झालं?"

"काय न्हाई. तुमचं मीटर सोडवून आणलंय."

"मग आत या की. भाईर का बसलाय?"

"हितंच बरा हाय. तुम्ही काम करा. सहाला जातो मी."