उभ्या सभेतली अडचण

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. रोह्याच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा वडील पेणजवळ मिठागरावर कामाला जात होते. मुलगा 'कायम' झाला, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

त्याच सुमारास मुख्य ऑफिसने 'स्क्रम' नावाची पद्धत आणली. रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. उभं राहिलं की सभा लवकर आटपते, असं त्यामागचं शास्त्र. आमच्या पॅकिंगला सगळं काम उभ्यानेच असल्यामुळे त्या शास्त्राचा कुणावर काही परिणाम झाला नाही.

साहेबांनी फळा माझ्याकडे दिला. म्हणाले, "हे नीट चालव, मग तुझ्या कायमचं बघू."

मी प्रश्नांचं मराठी जपून केलं. काल काय केलं, आज काय करणार आणि तुमची अडचण काय? अडचण निघाली की ती दूर करायची जबाबदारी फळा चालवणाऱ्याची.

पॅकिंगला बहुतेक बायकाच. रांगेत पहिल्या असलेल्या काकींना मी विचारलं, "काकी, तुमची अडचण काय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सायेब, आता या वयात कसली अडचण?" मग शेजारणीकडे वळल्या. "तुला हाय का गो? सायेब लिवून घेतायत."

रांग हसून वाकली. महिन्याच्या त्रासाला बायका नुसतं 'अडचण' म्हणतात, हे मला घरी माहीत होतं, कंपनीत सुचलं नाही. मग आठवडाभर सगळ्यांचं एकच उत्तर, "काय नाय."

शेवटी मी शब्द बदलला. "खोळंबा कशाचा?" आणि खाडीचा बांध फुटावा तसं झालं. पट्टा सैल हाय, पोती उशिरा येतात, पंखा फिरत नाय. प्रत्येक खोळंब्याला एक लाल चिठ्ठी, खोळंबा नसला तर हिरवी. फळा लालभडक झाला, पण पट्टा घट्ट झाला, पंखाही फिरला. मला वाटलं, पद्धत लागू पडली.

मुख्य ऑफिसचे पाहुणे बघायला आले. शेजारच्या विभागात सगळे सुपरवायझरकडे बघून "काय नाय" म्हणत, त्यामुळे तिथला फळा हिरवागार होता. पाहुण्यांनी त्याचा फोटो काढला. माझ्या फळ्यासमोर मात्र ते हळहळले. "एवढ्याशा विभागात इतके प्रॉब्लेम?" माझं कायम होणं पुढे गेलं.

सुटताना गेटवर काकींनी गाठलं. "काय सायेब, तोंड का उतरलंय? तुमाला पण अडचण?"

"कायम नाय झालो, काकी. बाबांना काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर मी काकींना नेहमीसारखं विचारलं, खोळंबा कशाचा?

"सायेब कायम नाय," काकी म्हणाल्या. "लिवा."

सगळी रांग बघत होती, म्हणून मी लिहिलं. चिठ्ठीच्या खाली, हा खोळंबा कोण दूर करणार, त्याचं नाव टाकायचं असतं. पद्धतीप्रमाणे मी माझं टाकलं.