दोष चष्म्याचा नव्हता

माझी आई कोटांच्या दुकानात एकतीस वर्षं हाताने काजं करत आली आहे. बटण ज्यातून जातं ते काज. लोकांचं तिकडे लक्षही जात नाही, पण आईचं काज एकदा पाहिलं की दुसरं बघवत नाही. पोटची मुलगी म्हणून बढाई मारतेय म्हणा, खुशाल म्हणा.

दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, चिमटीत दाबायचं, सुईत ओवायचं, ही तिची पद्धत. सुई ओवायची तार पुढे केली की तिचा अपमान होतो. गेल्या वर्षी मात्र दोऱ्याचं टोक पिंजायला लागलं, सुईच्या शेजारून निघून जायला लागलं. आईने खापर डोळ्यांवर फोडलं. दोन चष्मे झाले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. तिने तिसरा मागितला. तोंडाला कोरड पडते म्हणून दिवसभर लिमलेट चघळायची, त्यात दोन दाढा किडल्या. शेवटी तिने मालकांना सांगून टाकलं, महिनाअखेर काम सोडते, काजाचं यंत्र आणा. घरी येऊन गप्प बसली, आणि आमच्या घरात आई गप्प बसणं म्हणजे आजारपणच.

दाढा दाखवायला मी तिला ओढत नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा गालाला आतून लावला, तो तिथेच चिकटला. त्यांनी औषधं विचारली. दीड वर्षापासून रक्तदाबाची गोळी चालू होती. अशा काही गोळ्यांनी लाळ कमी होते, त्या म्हणाल्या, आणि लाळ नसली की दात लवकर किडतात. जीभच कोरडी, तर दोरा ओला कुठून होणार? म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आई तिथल्या तिथे गोळी सोडायला निघाली. बाईंनी दटावलं, मनाने काही सोडायचं नाही, ज्यांनी दिली त्यांनाच विचारायचं. त्या डॉक्टरांनी तपासून गोळी बदलून दिली. लिमलेट गेलं, पाण्याची बाटली आली.

दाढा भरून, तोंडाला ओल आल्यावर आई दुकानात गेली. मी मागोमाग. महिना केव्हाच उलटला होता आणि ती बसायची त्या खिडकीपाशी यंत्र बसलं होतं. मालक ओशाळून म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतंत. आईने दोरा तोडला, जिभेवर टेकवला, पहिल्या फटक्यात ओवला. उभ्याउभ्याच तिथल्या एका कोटाला काज केलं आणि कोट त्यांच्या हातात दिला. मालक कितीतरी वेळ त्या काजावरून बोट फिरवत राहिले.

"यंत्र तिकडे सरकवा," आई म्हणाली. "मला उजेड लागतो."