साहेबांचा नंदीबैल

कडीताईचं क्लेम खात्याच्या साहेबांशी जुळलंय, अशी कुजबुज एके काळी त्या विमा कंपनीच्या सगळ्या मजल्यांवर चालायची. रोज दुपारी चहा झाला की ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरते, आतून दार लावून घेते, आणि दार उघडतं तेव्हा साहेबांचा चेहरा लालबुंद असतो. आता याहून जास्त पुरावा लोकांना कशाला हवा? त्यातून बातमी फोडली ती रिसेप्शनवरच्या बाईने, आणि ही बाई कडीताईची सख्खी नणंद. म्हणजे घरचा शिक्का बसलेली बातमी!

कडीताई हे तिचं खरं नाव नव्हे. दिसेल त्या दाराला कडी घालते म्हणून ऑफिसने ठेवलेलं. कामच तिचं तसलं. कंपनीत एआयचे एजंट आले होते. विमा विकायला दारोदार फिरणारे नव्हेत, कॉम्प्युटरमधले. काम सांगायचा अवकाश, आपणच मेल उघडणार, फाइली धुंडाळणार, उत्तरं धाडणार. पण त्यालाही हातपाय लागतात. ते हातपाय म्हणजे एजंटला जोडलेली टूल्स: एक मेलचं, एक ग्राहकांच्या कागदपत्रांचं, एक हिशेबाचं. कुठल्या एजंटला काय जोडलंय, कोणाच्या परवानगीने आणि कशासाठी, यावर कडीताईने नजर ठेवायची.

विचारायला गेली की लोकांच्या कपाळाला आठ्या. "जोडलं असेल हो कोणीतरी. चालतंय ना? मग चालू द्या की!" हे ऐकून तिचे कान किटले होते.

त्यात तपासणी येऊन ठेपली. तपासनिसांपुढे कंपनीने लिहून द्यायचं होतं की ग्राहकांच्या आजारपणाचे कागद बाहेरच्या कुठल्याही टूलकडे जात नाहीत. खाली सही कडीताईची. खोटं निघालं तर नोकरी तिची जाणार. साहेब लोक तेव्हा नेमके रजेवर असतात.

आणि एक जोडणी काही केल्या मरेना. क्लेम खात्याचा एजंट लोकांचे रिपोर्ट सारांश काढायला बाहेरच्या एका टूलकडे पाठवायचा. कोणाचा मुतखडा, कोणाचा गर्भपात, कोणाच्या झोपेच्या गोळ्या, सगळं परक्याच्या ओसरीवर. कडीताई संध्याकाळी जोडणी तोडून घरी जायची. सकाळी येऊन बघावं, तर पुन्हा जोडलेली! परवानगी देणाऱ्याच्या जागी क्लेमच्या साहेबांचं नाव. आणि खातेप्रमुख हो म्हणाला की तिचं तोडणं रद्द, असा कंपनीचा दिव्य नियम.

"साहेब, परत परवानगी दिलीत?"

"मी? छे! मी कशाला देऊ?"

"तुमचं नाव आहे."

"असेल. पण मी दिलेली नाही."

"मग काय तुमच्या भुताने दिली?"

"हे बघा, वाद नको. सही करून टाका. तपासणी उरकू द्या, मग निवांत बघू."

"सही माझी आहे, साहेब. तुमची असती तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं."

घरी येऊन ती भांडी अशी आपटायची की नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा. "माणूस धडधडीत खोटं बोलतो हो! तेही इतकं साळसूद तोंड करून!" नवरा म्हणायचा, "मग सोडून दे नोकरी." की भांड्यांचा आवाज टीव्हीच्या वर.

शेवटी एक दिवस ती आपला लॅपटॉप घेऊन साहेबांच्या समोरच जाऊन बसली. साहेब दोन्ही हातांत कप धरून चहा फुंकत होते. तिने त्यांच्या डोळ्यांदेखत जोडणी तोडली. एजंटने लगेच परवानगी मागितली. आणि साहेबांनी पहिला घोट घ्यायच्या आत पडद्यावर उमटलं: साहेबांनी परवानगी दिली.

"अहो, मी तर कप धरलाय!"

"तेच बघतेय."

साहेबांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, उगाच पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाले, "ते एजंट सारखं विचारतात हो. हे उघडू का, ते पाठवू का. जेवू देत नाहीत सुखाने. म्हणून मी एक वेगळा एजंट बसवला. कोणी परवानगी मागितली की त्याने माझ्या वतीने हो म्हणायचं. विसरूनच गेलो होतो त्याला."

"कशाला हो म्हणतोय, ते वाचतो का तो?"

"वाचायचं नाही सांगितलं त्याला."

कडीताईने कपाळाला हात लावला. इतके दिवस ती या माणसाला लबाड समजत होती, आणि इथे एका यंत्राने विचारायचं, दुसऱ्याने नंदीबैलासारखी मान डोलवायची, अन् मधल्या मधे ग्राहकांची दुखणी गावभर! लबाड परवडला असता.

तिने आधी नंदीबैल काढून टाकला, मग जोडणी तोडली. या वेळी ती तुटलेलीच राहिली. पण ताई आता हातचं सोडणार नव्हती. "सही हवी ना? मग तपासणी होईपर्यंत प्रत्येक परवानगी तुम्ही स्वतः वाचायची. माझ्यासमोर. मोठ्याने."

"मोठ्याने कशाला?"

"मनात वाचता म्हणजे काय करता, ते कळलंय मला."

साहेबांनी मान तुकवली, फक्त एक विनवणी केली. "दार तेवढं लावून घ्या. माझ्या हाताखालचे ऐकतील." तिने शब्द दिला आणि पाळला. नणंदेने घरी येऊन भावासमोर "वहिनी, दार लावून काय चालतं गं?" असं छेडलं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "वन्सं, तुम्ही फोन उचला. तिकडे रिसेप्शनवर वाजत असतो."

नवरा मात्र खूश. "कोणीतरी तुझं ऐकतंय, हेच खूप झालं," म्हणाला.

मग कडीताईने सही केली. तपासणी सुरळीत पार पडली, नोकरी राहिली, आणि कुजबुज तेवढी बरीच वर्षं पुरली.

खरं सांगायचं तर त्या बंद दारामागे साहेब परवानग्या मोठ्याने वाचायचे. मधलं गाळलं की कडीताई त्यांना पहिल्यापासून वाचायला लावायची.